टोपी हलली की चहा

आमच्या पेनरोज फ्लॅट गावच्या चॅपलमध्ये भिंतीवर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर माझा भाचा हार्टली ट्रेगेन्झा याचं नाव कोरलंय. नाव, हुद्दा, साल. बस्स. दर रविवारी मी त्या पाटीखालीच बसते आणि दर रविवारी मला राग येतो. अहो, हे पोरगं एवढ्याशा पाटीवर मावणारं होतं का? सहाव्या वर्षी पवनचक्कीच्या टोकावर जाऊन बसला, त्याला उतरवायला बाप वर चढला, आणि मग दोघांनाही उतरवायला शेजाऱ्यांची शिडी आणावी लागली. हे कुठल्या पाटीवर लिहिणार? म्हणून मीच सांगते. मी थर्झा, त्याची आत्या. लग्न केलं नाही, भावाच्या शेतावर राहिले, आणि तोंडानं फटकळ आहे. हे शेवटचं लोक म्हणतात, मी नाही.

उडायचं वेड त्याला शेतकी प्रदर्शनात लागलं. पहिल्या महायुद्धातून उरलेलं एक खटारा विमान घेऊन कोणी एक लफंगा आला होता. पैसे घ्यायचा आणि माणसं वर फिरवून आणायचा. हार्टलीनं अख्खा हिवाळा सशांची कातडी विकून पैसे जमवले होते. पण विमानवाला म्हणाला, पोराबरोबर मोठं माणूस पाहिजे. त्याची आई व्हर्ना म्हणाली, "मला झोपाळ्यावर चक्कर येते, मी नाही बाई." त्याचा बाप जाबेझ, म्हणजे माझा भाऊ, त्या विमानाकडे मान वळवून बघायलासुद्धा तयार नव्हता. मग उरलं कोण? आत्या!

"आत्या, डोळे मिटून बस, म्हणजे काही कळणारच नाही."

"अरे मेल्या, मग पैसे कशाचे द्यायचे?"

बसले. वर गेले. आणि माझ्या रविवारच्या टोपीत ओकले. खाली उतरल्यावर माझी विचारपूस करायची सोडून हे कार्टं काय म्हणतं, "आत्या, वरून सगळ्यांची कुंपणं कशी सरळ दिसतात गं! एक फक्त बाबांचं वाकडंय." जाबेझ हे ऐकून पोट धरून हसला. तेव्हा तो हसायचा.

तसा पोरगा काही फार हुशार वगैरे नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. आमच्याकडचा फुटबॉल हातानंही खेळतात; त्यात त्याच्या हातून चेंडू असा निसटायचा की आमचेच लोक ओरडायचे, "हार्टलीला बाहेर बसवा!" चॅपलमध्ये गायला लागला की पियानोवाली बाई मागे वळून बघायची. पण यंत्र म्हटलं की त्याचे हात वेगळेच व्हायचे. कापणीचं यंत्र अडलं की बाप शिव्या द्यायचा आणि हा कान लावून ऐकायचा. "बाबा, थांबा. त्याला काहीतरी दुखतंय," म्हणायचा आणि नेमकं तिथेच बोट ठेवायचा.

आता जाबेझचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या लढाईला जाबेझ फ्रान्सला गेला, तेव्हा आमचा धाकटा सायलस त्याच्या मागे लागला होता. सायलस कोवळा. एकवीस पुरी नसतील तर आईबापाची सही लागायची. आमची आई सही करेना. जाबेझनंच तिची समजूत घातली, "कर गं सही. मी आहे ना बरोबर. सांभाळीन त्याला." आईनं केली. सायलस तिथल्या चिखलातच राहिला आणि जाबेझ एकटा परत आला. आई त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त लागलं. झोपेत ओरडायचा, "चिखल! चिखल!" व्हर्नानं लग्नानंतर कितीतरी वर्षं ते ऐकलं.

मग दुसरी लढाई आली आणि हार्टली एकोणीस वर्षांचा झाला. गावच्या मास्तरांकडे संध्याकाळी जाऊन त्यानं गणितं पक्की केली आणि हवाई दलाचा कागद घरी आणला. टेबलावर ठेवला. खाली आईबापाच्या सहीची जागा.

जाबेझ म्हणाला, "मी एकदा सही करवलीय. पुन्हा नाही."

"बाबा, सायलसकाका विमानात असता तर कदाचित वाचला असता."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

हे म्हटल्यावर तिघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण माझ्या ओठावर खरंच चार केस होते. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? सही माझी लागत नाही." हार्टलीला हसू फुटलं. जाबेझला नाही. तो उठून घोड्यांना दाणा घालायला निघून गेला.

व्हर्नाची गत मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. सही नाही केली, तरी सरकार पोराला आज ना उद्या पायदळात ओढणारच होतं. पायदळ म्हणजे चिखल. तिनं तो चिखल पाहिला नव्हता, पण नवऱ्याच्या तोंडून रोज ऐकला होता. दोन दिवसांनी ती पेस्टीसाठी, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या करंजीसाठी, कणीक मळत होती. एकदम हात थांबवून मला म्हणाली, "थर्झा, वर चिखल नसतो ना गं?" मी म्हटलं, "नसतो." तिनं तशाच पिठाच्या हातानं लेखणी उचलली आणि सही केली. एकाची सही चालत होती.

जेवताना जाबेझला ते कळलं. त्यानं काटा खाली ठेवला. म्हणाला, "तुझ्या हातानं पाठवलंस ना त्याला? मग आता वाटही तूच बघ." व्हर्नाशी तो बोलला ते तिथपर्यंत. पुढे दोन वर्षं एक शब्द नाही.

म्हणजे बोलायचा, पण कुत्रीशी. नेल नावाची आमची मेंढरं वळणारी कुत्री होती. व्हर्ना समोर उभी असायची आणि हा नेलला म्हणायचा, "नेल, तुझ्या मालकिणीला सांग, मेंढा कुंपणातून गेलाय." मग व्हर्ना म्हणायची, "नेल, तुझ्या मालकाला सांग, कुंपण वाकडं असलं की जायचाच." ती बिचारी कुत्री दोघांच्या मध्ये बसून मान इकडून तिकडे फिरवायची. गावात हसायचे लोक. मीही हसायचे. पण रात्रीच्या जेवणाला तीन माणसं टेबलाशी आणि बोलायला कुत्री, याचं हसू किती दिवस येणार? एकदा मी जाबेझला झाडलं, "अरे, सुंभ जळला तरी तुझा पीळ काही जळत नाही! तिनं काय हौसेनं केली सही?" तर म्हणतो, "आईनंही हौसेनं नव्हती केली."

हार्टली मात्र खुशीत. आखाताच्या पलीकडच्या माळावर हवाई दलाची, दोन इंजिनांची विमानं चालवायला शिकवणारी शाळा होती. तिथून आमचं गाव म्हणजे हाकेच्या अंतरावर, त्याच्या हिशेबानं. एका सोमवारी व्हर्ना कपडे वाळत घालत होती आणि घरावरून असा गडगडाट करत गेला की चादरी उडाल्या, घोडे उधळले, आणि मी न्हाणीघरात होते ते तशीच बाहेर आले. इतकं खालून उडायची त्यांना सक्त मनाई होती. व्हर्ना दोन्ही हातांत ओली चादर धरून हलवत होती, हसत होती आणि रडतही होती. जाबेझ नेलला म्हणाला, "त्या गाढवाला सांग, कोंबड्या आठवडाभर अंडी घालणार नाहीत." पण विमान दुसऱ्यांदा आलं तेव्हा तो गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं कोणी बघत नाही. डोक्यावरची टोपी काढून तो जोरजोरात हलवत होता. मी खिडकीतून पाहिलं.

उत्तरेला न्यू गिनीकडे जायच्या आधी हार्टली शेवटचा घरी आला. रेल्वेच्या फलाटावर आम्ही तिघं त्याला सोडायला गेलो. नेलसुद्धा. आईनं त्याच्या खिशात पेस्टी कोंबली. गाडी सुटायच्या वेळी तो बापाला म्हणाला, "बाबा, मी परत येईन तेव्हा तुम्ही दोघं बोलत असलात तर बरं. त्या कुत्रीचं आता वय झालंय."

जाबेझनं त्याचा खांदा दाबला. म्हणाला, "तू परत ये. तू फलाटावर उतरलास की त्याच क्षणी तुझ्या आईशी बोलतो."

व्हर्नानं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती बाई एका मुलाची नाही, दोन माणसांची वाट बघत होती. पोरगा आला तर नवराही येणार होता. नाही आला तर दोघंही गेले. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण एका घरात राहून मला काय ते कळत नव्हतं?

आता टोपीचं. आमच्या गावात लढाईतल्या मृत्यूची तार पोस्टमास्तर कधी परस्पर घरी पाठवत नसत. ती पाद्रीच्या हातात द्यायची आणि पाद्रीनं घरी न्यायची, ही पहिल्या लढाईपासूनची रीत. सायलसचीही अशीच आली होती. रीत चांगली, पण तिनं पाद्रीचं जिणं हराम केलं. आमचे ओट्स पाद्री तरुण, भिडस्त, सायकलवर फिरणारे. एकदा सुगीच्या सणासाठी भोपळे मागायला म्हणून एका बाईच्या दारात गेले. तिचा मुलगा लढाईवर. फाटकात पाद्री दिसल्याबरोबर बाई कोंबड्यांच्या खुराड्यात धाडकन पडली. शुद्धीवर आल्यावर भोपळे कळले, तेव्हा तिनं ओट्सना एक भोपळा फेकून मारला.

मग चॅपलच्या बायकांच्या बैठकीत हा विषय निघाला. बिचारे ओट्स म्हणाले, "मग मी कोणाकडे जाऊच नको का?" तेव्हा आमच्या व्हर्नालाच सुचलं. ती म्हणाली, "मिस्टर ओट्स, सोपं आहे. तुम्ही नुसते चहाला येत असाल तर फाटकातूनच टोपी काढून हलवत या. आम्ही किटली चढवू. टोपी डोक्यावरच राहिली तर... तर आम्हाला कळेल." सगळ्यांना पटलं. तेव्हापासून गावात म्हणच पडली, टोपी हलली की चहा. शेतातले बाप्ये लांबून टोपी हलताना बघायचे, हुश्श करायचे आणि कामाला लागायचे.

हार्टली कसा गेला ते आताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर मला ते जमणार नाही. त्याच्या विमानातला तोफवाला लढाई संपल्यावर आमच्याकडे येऊन राहिला, त्यानं सांगितलं. न्यू गिनीच्या किनाऱ्याशी शत्रूच्या जहाजांवर ते सकाळी गेले होते. बॉम्ब टाकून वळताना एक इंजिन गेलं आणि हार्टलीच्या मांडीत गोळ्या घुसल्या. तळ लांब होता. दुसरं इंजिनही कुरकुरायला लागलं, तेव्हा तो म्हणाला, "याला दुखतंय रे, आता फार चालणार नाही." मग त्यानं ते धूड समुद्रावर इतकं अलगद टेकवलं की मागच्यांना नुसता धक्का बसला. बाकीचे तिघं रबराच्या होडीत चढले. त्याचा पाय अडकला होता. दोघं त्याला ओढायला परत गेले, तर पाणी छातीपर्यंत आलेलं. तो म्हणाला, "सुटा तुम्ही. मी येतो मागून." विमान नाकावर बुडालं. त्या तोफवाल्याच्या पुढ्यात पेस्टी तशीच राहिली. मोठा धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा रडला. हार्टली गेला त्याच्या महिनाभर आधीच त्याला एकवीस पुरी झाली होती. सही न लागण्याचं वय.

तर तो दिवस. नाताळाच्या आधीचे दिवस, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा. कापणीचा हंगाम, उत्तरेचा गरम वारा आणि माश्या. आमच्याकडच्या उन्हाळी माश्या म्हणजे नकोच. डोळ्यांत, नाकात, तोंड उघडलं तर तोंडात. जाबेझ खालच्या शेतात घोड्यांच्या यंत्रानं गहू कापत होता. व्हर्ना आणि मी पडवीत वाटाणे सोलत होतो. फाटकाशी सायकल टेकवलेली दिसली. ओट्स पाद्री.

व्हर्नाचे हात थांबले. ओट्स दोन पावलं चालले, टोपी डोक्यावर. आणखी दोन. मग त्यांनी टोपी काढली आणि तोंडासमोर हलवली. चांगली तीन-चारदा हलवली.

"अगं बाई!" व्हर्ना उठलीच. "थर्झा, किटली! आणि तो केक काप, कालचा. मेला जीव घेतो हा माणूस!" ती इतकी हसत होती की वाटाण्याचं भांडं लवंडलं. खालच्या शेतात जाबेझनं यंत्र थांबवलं होतं. टोपी हललेली त्यानंही पाहिली असणार, कारण घोडे पुन्हा चालायला लागले.

"या, या, मिस्टर ओट्स! आज काय, भोपळे की पियानोची वर्गणी? नाही, आधी बसा. केवढे लाल झालात उन्हानं!" तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात कप दिला. ते काही सांगायला गेले. ही बोलतच होती. "हार्टलीला नाताळाला सुट्टी मिळेल म्हणतात. मिळाली तर तुमच्या चॅपलवरून एकदा विमान न्यायला सांगते, छप्पर सांभाळा म्हणजे झालं!" चहाला त्यांनी ओठही लावला नव्हता. मी ओट्सच्या तोंडाकडे पाहिलं. लाल होते, पण उन्हानं नाही. तो माणूस गावापासून आमच्या फाटकापर्यंत सायकलवर रडत आला होता.

मी म्हटलं, "व्हर्ना, थांब."

"काय थांब? साखर राहिली..." आणि तिनंही पाहिलं. मग अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली, "पण तुम्ही टोपी हलवलीत, मिस्टर ओट्स."

"माश्या होत्या, मिसेस ट्रेगेन्झा," ते म्हणाले. "डोळ्यांवर बसत होत्या. मला भानच राहिलं नाही. देवा, मला भानच राहिलं नाही."

रडलेल्या डोळ्यांवर माश्या जास्त बसतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण त्या क्षणी आम्हा दोघींनाही ते आठवलं नव्हतं. ओट्सनी खिशातली तार काढली. व्हर्नानं ती घेतली नाही. तिनं त्यांच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला, सांडू नये म्हणून. म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. टोपीचं मीच सुचवलं होतं."

आणि ती पडवी उतरून शेताकडे चालायला लागली. उघड्या डोक्यानं, कमरेला एप्रन तसाच. मी मागून धावले. म्हटलं, "व्हर्ना, मी सांगते त्याला, तू थांब." ती म्हणाली, "वाट बघायचं काम माझं होतं. सांगायचंही माझंच." मला तिची भीती वाटत होती आणि भावाची त्याहून जास्त. म्हटलं, आता हा काय बोलेल? आणि काहीच बोलला नाही तर? कुत्रीकडे बघून उत्तर दिलंन तर मी त्याला तिथेच कापलेल्या गव्हाच्या खुंटांवर लोळवीन, असं मी ठरवलं होतं.

जाबेझनं ती येताना पाहिली आणि घोडे थांबवले. दोन वर्षांत ती त्याच्याकडे अशी सरळ चालत आली नव्हती. नेल दोघांच्या मध्ये जाऊन बसली, सवयीनं. व्हर्ना यंत्रापाशी उभी राहिली. सांगायची गरजच पडली नाही. जाबेझ चाकाला धरून खाली उतरला.

नेलनं त्याच्याकडे मान वर केली. त्यानं तिला पायानं हलकेच बाजूला केलं.

"व्हर्ना," तो म्हणाला.

ती म्हणाली, "माझ्या हातानं पाठवलं मी त्याला, जाबेझ."

"नाही. मी सही करायला हवी होती," तो म्हणाला. "त्याच दिवशी, तुझ्या सहीखाली. दोघांची असती तर आज तू एकटी नसतीस. आईनं मला एकट्याला ठेवलं होतं. ते कसं असतं हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुला एकटीला ठेवलं." एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. मग त्याला हुंदका फुटला आणि दोघं तिथे गव्हाच्या खुंटांवरच खाली बसली. मी घोड्यांचे लगाम धरून तोंड फिरवून उभी राहिले. माझा हार्टली गेला होता आणि माझ्याजवळ दोन घोड्यांच्या मानांशिवाय डोकं टेकायला काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते उठले. ऊन तापलेलं. व्हर्नाचं तोंड सगळं भिजलेलं आणि त्यावर माश्यांचं मोहोळ. तिला हात उचलायचंही भान नव्हतं. जाबेझनं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं स्वतःची टोपी काढली आणि तिच्या डोळ्यांवरच्या माश्या वारायला लागला. खालच्या शेतापासून घरापर्यंत तो तशी टोपी हलवत चालला.

रस्त्यानं शेजारची माणसं गाडीतून गव्हाची पोती नेत होती. त्यांनी लांबून ती टोपी पाहिली, आणि हात वर करून, हसून आमची खुशाली घेतली.